शून्य ओळींचा अर्थ

घट दिसत नाही, एवढ्यावरून तो तिथे नाही असे म्हणता येते का? कुमारिल भट्टांनी अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले; नैयायिकांनी तो प्रत्यक्षानेच कळतो असा आग्रह धरला. अट मात्र दोघांनाही सोडता येत नव्हती: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट न दिसणे हा कसलाच पुरावा नव्हे.

या अटीची परीक्षा आज लॅपटॉपवरही घेता येते. पायथनच्या पिपने ज्युपिटरलॅब, ज्युपीएसक्यूएल, डकडीबी आणि डकडीबी-इंजिन बसवायचे. पहिल्या सेलमध्ये एसक्यूएलचे एक्स्टेन्शन लोड करायचे, दुसऱ्यात डेटाबेस जोडायचा. यापुढे सेलच्या माथ्यावर दोन टक्केचिन्हे आणि एसक्यूएल लिहिले की खालच्या क्वेरीचे उत्तर तिथेच उमटते.

आता दोन तक्ते करावेत. एकात १, २, ३ क्रमांकांचे विद्यार्थी. दुसऱ्यात फीच्या दोन पावत्या: एकीवर क्रमांक १, दुसरीवर क्रमांकच नाही, म्हणजे नल. ‘नॉट इन’ वापरून फी न भरलेले विद्यार्थी मागितले, तर उत्तर येते शून्य ओळी! इंजिनाचे तर्कशास्त्र चोख आहे. ती बेवारशी पावती २ची असू शकते, ३चीही. म्हणून दोघांविषयी निकाल ‘अज्ञात’, आणि अज्ञात ओळ छापली जात नाही. पण दोघांपैकी एकाने तरी फी भरलेली नाही, हे शाळेचा कारकूनही सांगेल. कोरा तक्ता पाहून ‘सगळ्यांनी भरली’ असे समजणारा माणूस अंधारात घट शोधत असतो.

नोटबुकचीही एक गंमत आहे. जोडताना फाइलचे नाव दिले नसेल, तर डेटाबेस फक्त मेमरीत असतो. कर्नल पुन्हा सुरू केला की तक्ते जातात, जुनी उत्तरे मात्र पानावर तशीच राहतात. तक्ता अजून केलाच नाही (प्रागभाव) आणि होता तो गेला (प्रध्वंसाभाव), हा न्यायातला भेद इंजिनाला ठाऊक नाही. दोन्ही वेळा ‘असा तक्ता नाही’ हीच तक्रार.

रिलेशनल मॉडेलचे जनक एडगर कॉड यांनाही एकच नल अपुरी वाटली. १९९०च्या पुस्तकात त्यांनी दोन खुणा सुचवल्या: माहिती लागू आहे पण हाती नाही, आणि माहिती लागूच नाही. एसक्यूएलने त्या घेतल्या नाहीत. त्यांचे सहकारी सी. जे. डेट तर नलच नको म्हणतात. प्राभाकर मीमांसकांचा पवित्रा काहीसा असाच होता: घटाचा अभाव म्हणून वेगळे काही नाही, आहे ती फक्त मोकळी जमीन.