जुना दोष आणि वाटेतला दोष

जुनी वस्तू तिच्या दोषांसकट पत्करली, म्हणजे तिचं पुढं जे काही होईल तेही पत्करलं का? आणि आपलं नुकसान झाल्यावर भरपाई मागणं हा हावरेपणा, की तेही एक कर्तव्य? आमच्या मेहकरच्या घरात यावर बरेच दिवस बोलणं चाललं होतं. माझी नोकरी संस्कृत शिकवण्यात गेली. त्यामुळं माझा हात आधी स्मृतिग्रंथांकडं गेला, पण प्रश्न उभा केला होता एका जुन्या वॅगनआरनं.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलानं ती पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली. त्याच्या आईला उपचारांसाठी वरचेवर छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं, एस.टी.चा प्रवास आता तिला सोसत नाही. थोडे पैसे सोयाबीनचे होते, थोडे सुनेचे दागिने गहाण ठेवून उभे केलेले. दुकानदारानं मोबाइलवर फोटो पाठवले, दोषही लिहून कळवले: डाव्या मागच्या दाराला पोचा, मागच्या बंपरवर ओरखडे, ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर फाटलेलं. पोरानं ते मान्य केलं आणि सगळे पैसे भरले. गाडी दुकानाच्या कॅरियरनं घरपोच येईल, असं दुकानदारानंच कबूल केलं होतं.

गाडी आली ती दिवेलागणीला. उजवा हेडलाइट फुटलेला, पुढचा बंपर एका बाजूनं निखळलेला, बॉनेटची कड वर आलेली, उजवा आरसा गायब. कॅरियरच्या ड्रायव्हरनं स्वतःहून सांगितलं, "चढवताना घासली, साहेब." पोरानं पोचपावतीवर तेवढं लिहिलं, फोटो काढले आणि मग सही केली. दुकानाला फोन केला तर उत्तर आलं, "जुनी गाडी आहे. जशी आहे तशी घेतलीत ना?"

घरातले मोठे म्हणाले, "गाडी आली, माणसं सुखरूप हायेत, महाराजांची कृपा. कायले वाद वाढवतं?" आमचं घर शेगावच्या गजानन महाराजांना मानणारं. रोज पोथी वाचल्याशिवाय चूल पेटत नाही. त्यामुळं हा सल्ला मला हलका वाटला नाही. संतोष हा आमच्याकडं मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेच.

पण दुकानदाराचं म्हणणं आधी नीट पाहायला हवं. त्याला शास्त्राचाही आधार सापडतो. नारदस्मृतीत खरेदीनंतरच्या पश्चात्तापाचं एक प्रकरण आहे. गिऱ्हाइकानं माल आधी स्वतः पारखावा, पारखून पसंत केलेला माल मग परत करता येत नाही, असं नारद म्हणतात. वापरलेल्या, मळलेल्या कपड्याबद्दल तर त्यांचा वेगळा नियमच आहे: तो सदोष निघाला तरी विकणाऱ्याकडं परत जात नाही. जुन्या वस्तूच्या बाजाराला लावायला याहून स्पष्ट नियम कोणता? पुतण्यानं त्या पोच्याबद्दल आणि फाटक्या कव्हराबद्दल तक्रार केली असती, तर मी त्याच्या विरोधात उभी राहिले असते.

याच नारदांनी दुसरीकडं विकलेला पण अजून हवाली न केलेला माल वेगळा धरला आहे. विकून झाल्यावर दिला नाही आणि मधल्या काळात तो बिघडला, जळला, चोरीला गेला, तर हानी विकणाऱ्याची. याज्ञवल्क्यही म्हणतात की गिऱ्हाइकानं मागूनही माल दिला नाही आणि मग राजामुळं किंवा दैवानं त्यात दोष आला, तर तोटा विक्रेत्याचाच. उलट बाजूही त्यांनी सोडली नाही. विक्रेता द्यायला तयार असताना गिऱ्हाईकच घेत नसेल आणि मग नुकसान झालं, तर ते गिऱ्हाइकाचं. म्हणजे पारख करण्याची जबाबदारी खरेदीच्या क्षणापर्यंतच्या दोषांपुरती आहे. त्यानंतर हवाली होईपर्यंत जे घडतं, त्याचा हिशेब निराळा.

याज्ञवल्क्यस्मृतीत पारखण्याच्या मुदतीही दिल्या आहेत: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. त्याच श्लोकात दासी आणि दासांच्या पारखीचीही मुदत आहे, मालाच्या ओळीत माणसं बसवलेली आहेत. हे वाचताना मला आजही लाज वाटते. या ग्रंथांमधलं सगळं शिरोधार्य मानावं असं मी वर्गातही कधी सांगितलं नाही. पण व्यवहारातल्या न्यायाची जी नजर तिथं आहे, ती सोडून देण्यासारखी नाही.

ही नजर आमच्या भागात बैलबाजारानं टिकवली. माझे वडील बैल घ्यायला जात तेव्हा रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, पण खोड मात्र चारचौघांत मोठ्यानं सांगावी लागायची. बसका आहे का, मारका आहे का, जू खांद्यावर घेतो का. सांगितलेली खोड घेणाऱ्याची, लपवलेली विकणाऱ्याची. आणि "अंगणात पोचवून देतो" असा शब्द दिला, की वाटेत बैल लंगडला तर तो विकणाऱ्याचा बैल लंगडला. यावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

"जशी आहे तशी" हा शब्द खरं तर दोघांना बांधतो. मी हे दोष चालवून घेईन, असं घेणारा म्हणतो. त्याच वेळी विकणारा म्हणतो, मी दाखवली तशीच देईन. दुकानदारानं त्यातली घेणाऱ्याची अर्धी बाजू तेवढी लक्षात ठेवली.

मालविक्री अधिनियम, १९३० वाचताना एक गोष्ट मला विशेष भावली. कायद्याच्या सर्वसाधारण नियमानं मालकी ज्याची, जोखीम त्याची. आता ठरलेली, तयार गाडी असेल तर सौदा पक्का होताच मालकी घेणाऱ्याकडं जाऊ शकते. मग विक्रेता म्हणेल, गाडी तर तुमची झाली होती, वाटेत घासली ती तुमची घासली. पण कलम २६ तिथंच थांबत नाही. वेगळं ठरलं असेल तर ठरल्याप्रमाणं, आणि दुसऱ्याचा माल ज्याच्या ताब्यात आहे त्याची राखणदार म्हणून असलेली जबाबदारी कायम, असं ते सांगतं. माझ्या मते या प्रश्नाचं धर्माच्या अंगानं उत्तर इथंच आहे. पैसे घेतल्या क्षणापासून ती गाडी दुकानदाराच्या हातात परक्याची ठेव होती. ठेव स्वतःच्या वस्तूइतक्या काळजीनं सांभाळावी, हे आपल्याकडं लहान पोरालाही शिकवतात. "गाडी तुमचीच होती" हे म्हणणं खरं मानलं, तर त्याची जबाबदारी कमी होण्याऐवजी वाढते.

मग क्षमेचं काय? घरातल्या मोठ्यांचा खरा मुद्दा हाच होता. मला तुकोबांची कथा आठवली. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवायला निघाले, तेव्हा त्यांनी आधी दोन वाटे केले, असं परंपरा सांगते. धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खतं डोहात सोडली. केवढा विवेक आहे यात! सर्वस्व सोडायला निघालेला माणूससुद्धा दुसऱ्याचा हक्क सोडत नाही, कारण तो त्याचा नव्हेच. आमच्या गाडीत सुनेचे दागिने होते, जावेच्या प्रवासाची सोय होती. क्षमा करायचीच तर ती त्यांनी करायची. मी किंवा थोरल्या दिरांनी परस्पर "जाऊ दे" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं. शिवाय क्षमेला समोर चूक कबूल केलेली लागते. दुकानदार चूक मानायलाच तयार नसताना आपण गप्प बसलो, तर ती क्षमा कशी? ती भीती असेल, नाहीतर कंटाळा. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच अनुभव येईल, त्यात आपल्या गप्प बसण्याचाही वाटा असेल.

दुरुस्तीला गाडी आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांकडं नेली. त्यांनी न सांगता दोन वेगळी बिलं लिहिली: एक वाटेतल्या नुकसानीचं, दुसरं जुन्या पोच्याचं. "मॅडम, जुना पोचा त्यांच्या बिलात धरला तर आपलाच हिशेब बिघडेल," म्हणाले. त्यांनीच मला मदिनेच्या बाजारातली हदीस सांगितली. धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं, मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? पाऊस पडला यात त्या विक्रेत्याचा दोष नव्हता, आणि तरीही जाब त्यालाच द्यावा लागला. इस्लामी व्यवहारशास्त्रात ताबा मिळण्याआधीचा दोष निघाला तर सौदा मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे, हेही चाचांकडून कळलं. दोन परंपरा इतक्या लांबून येऊन गॅरेजच्या एका बाकावर एकाच मुद्द्यावर भेटल्या, याचा मला मनापासून आनंद झाला.

सगळ्यात अवघड प्रश्न ड्रायव्हरचा होता. दुकानदार शेवटी म्हणाला, "ठीक आहे, त्याच्या पगारातून कापून देतो." पुतण्या तिथं विरघळला. नको काकू, त्या गरिबाचं कशाला, म्हणायला लागला. त्याची दया खरी होती. पण या सगळ्या व्यवहारात पहिल्यांदा खरं बोलला तो ड्रायव्हरच, आणि दुकान त्यालाच ढाल करत होतं. आम्ही दुकानाला नोटीस पाठवली आणि तीत स्पष्ट लिहिलं की आमचा करार दुकानाशी आहे आणि ड्रायव्हरवर हा बोजा टाकू नये.

नोटिशीत बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा उल्लेख होता. १९८६च्या कायद्यात ग्राहकाला बहुतेक वेळा विक्रेत्याच्या गावी जावं लागायचं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मेहकरच्या माणसाला पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र गाडी दुकानाऐवजी एखाद्या खासगी माणसाकडून घेतली असेल तर हा दरवाजा सहसा उघडत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. नोटीस गेल्यावर दुकानानं चाचांचं पहिलं बिल भरलं. दुसरं आम्ही भरलं.

आता पुतण्याचीही कसोटी आहे. बॉनेट ठोकून सरळ केलं, रंगवलं. आज बघणाऱ्याला काही कळणार नाही. उद्या गाडी विकताना हे सांगितलं तर भाव कमी येईल, असं त्याचे मित्र सांगतात. येऊ दे कमी. ज्या न्यायानं त्यानं भरपाई मागितली, तोच त्याला ती दुरुस्ती सांगायला लावतो.

तुमच्याकडं अशी गाडी येणार असेल तर ती पोचवणार कोण आणि वाटेतल्या नुकसानीला जबाबदार कोण, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या. उजेडात गाडीभोवती एक चक्कर मारा, जे दिसेल ते पावतीवर लिहा, मगच सही करा. अडलात तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि मागाल तेव्हा वाटेतल्या नुकसानीचंच मागा, आधी पत्करलेल्या दोषांचं त्यात घालू नका.