उचलून नेऊ की!

महाड-पोलादपूर भागात उंच जोतं हा शहाणपणा आहे. इथला पाऊस तसा, आणि महाड शहरात सावित्री-गांधारीचं पाणी थेट घरात शिरतं. जुलै २०२१च्या पुरात कितीतरी माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. म्हणजे उंची जीव वाचवते. पण गुडघे गेलेल्या आजीला किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला त्याच जोत्याच्या चार पायऱ्या घरात कोंडून ठेवतात. आणि पाणी चढू लागलं की वरचा जिनाही त्यांचा नसतो.

यावर घरचं उत्तर ठरलेलं असतं: "त्यात काय, उचलून नेऊ की!" ते प्रेमानं दिलेलं असतं. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. उचलणारे हात तयार असतील, तर उताराची वाट आणि रुंद दार करून देणं हे आपलं कर्तव्य ठरतं का?

ते हात आता मुंबईत, पुण्यात, सुरतेत आहेत, हे उत्तर सोपं आहे. पण समजा, हात घरातच आहेत. तरीही उचलून घ्यायचं तर आधी सांगावं लागतं, आणि सांगायचं तर कारण लागतं. दवाखाना हे कारण चालतं. "शेजारी जरा बसून येते" हे चालत नाही. कोणी नाही म्हणत नाही, पण तीच मागायची थांबते. आधी बारीकसारीक इच्छा जातात. मग आपण म्हणतो, "आजीला आता बाहेर जावंसंच वाटत नाही."

कोणी म्हणेल, माणसं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यात कमीपणा कसला? खरंच नाही. पण एकमेकांवर म्हणजे दोन्हीकडून. अंगणात उतरता आलं तर आजीही कुणाच्या तरी उपयोगी पडेल, आजारी शेजारणीला बघून येईल. पायऱ्या तिची मदत करण्याची संधीही काढून घेतात.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातली वाट यांतलं अंतर महाडला सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३मध्ये केला. १९२४मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथं पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. तिथं माणसांनी माणसांना अडवलं होतं. पायरीच्या मनात द्वेष नसतो, त्यामुळे दोन्ही अन्याय एकसारखे नाहीत. पण दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेली गोष्ट हक्काची नसते, हा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

कायदा आजही पुढेच आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार घरकुलासारख्या योजनांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. एवढ्यात रॅम्प कुठला? एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटी जोत्याला चोवीस फूट. वाडीत एवढं अंगण सगळ्यांकडे नसतं.

पण डोंगरउतारावरच्या घराची एक बाजू बहुतेकदा जमिनीला लागून असते. दार तिकडून काढलं, पावसाचं पाणी वळवायला गटार केलं, तर पायऱ्या टळू शकतात. संडास परसात न बांधता घराला जोडून, तीन फुटी दाराचा बांधता येतो. पाया खणण्याआधी ठरवलं तर हे स्वस्त पडतं. घर झाल्यावर तोडफोड करणं महाग.

मग उरतो एकच प्रश्न: घर कुणाच्या मापानं बांधायचं? पैसे पाठवणारे आपण, म्हणून वरच्या मजल्यावरची खोली आपली. राहतो गणपतीचे काही दिवस. जे वर्षभर तिथं राहतात, त्यांच्या पायांना नकाशात जागा नसते. पुढच्या वेळी घराचा विषय निघाला की टाइल्सचे फोटो मागवण्याआधी आजीला फोन करून विचारा, दार कुठल्या बाजूला हवं. आणि तिला कुठं कुठं जायचंय, तेही.