उजव्या हाताची लय

नवं मेंडोलिन हाती आलं की सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं. बोटं पडद्याजवळ नीट बसतात का, तारा किती रुततात, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर वेळेत पोहोचतो का. खरं तर जी, सी, डी हे सुरुवातीचे तिन्ही कॉर्ड दोन-दोन बोटांत वाजतात. गाडी अडते ती उजव्या हातापाशी.

मेंडोलिनला आठ तारा, पण त्या चार जोड्यांत. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवलेल्या. प्लेक्ट्रम आवळून धरलं की ते पहिल्या तारेला अडकतं, मग दुसरीवर घसरतं आणि जोडी फुटल्यासारखी वाजते. अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्यात ते फक्त निसटणार नाही इतपतच धरावं, टोक जेमतेम बाहेर ठेवावं आणि मनगट सैल सोडावं.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट दिसते हवेत, तारांवर नव्हे. केरव्याच्या आठ मात्रा मोजा: विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर. आता दुसरी आणि पाचवी मात्रा वाजवू नका, तरी हात मात्र तसाच जाऊ द्या, तारांना न लागता. नवशिक्याचा हात नेमका इथे थांबतो आणि लय तुटते. आपल्याकडे ताल हातावर धरणारा खालीच्या मात्रेला टाळी देत नाही, म्हणून ती मात्रा गाळतो का? हात बाजूला नेऊन तीही तो मोजतोच.

हे जमेपर्यंत कॉर्ड बाजूलाच ठेवावेत. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून स्वर बंद करावेत आणि मेट्रोनोम साठावर लावून फक्त ‘चक् चक्’ ऐकावं.

हिंदी चित्रपटगीतांतून आपल्या कानात बसलेलं मेंडोलिन म्हणजे ट्रेमोलो, तो थरथरता लांब स्वर. या वाद्याचा स्वर लवकर विरतो, म्हणून भराभर आघात करून तो धरून ठेवावा लागतो. लहानपणी मेंडोलिन शिकलेले लक्ष्मीकांत कुडाळकर पुढे केवढे संगीतकार झाले हे आठवलं की त्या स्वराची ओढ आणखी वाढते. तरीही त्याची घाई नको. ताठ मनगटाने केलेला ट्रेमोलो नुसता खडखडतो.

आणि कॉर्ड बदलताना डावा हात मागे पडला, तर उजव्याने त्याच्यासाठी थांबू नये. त्या आघाताला मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतील. बोटं पुढच्या मात्रेला येऊन मिळतील.