चार भक्तिपट, अकराशे कोटी

जुलै 2022 मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ फिरले. अदानी समूह ही कंपनी घेणार. शिवाय एका बड्या अमेरिकन कंपनीचे 1,100 कोटी येणार. कशासाठी, तर चार भक्तिपट काढायला. विनोदी लेखकानं असं लिहिलं असतं तर संपादकानं 'जरा अतीच होतंय' म्हणून परत धाडलं असतं. इथे छोटे भागधारक 2,167 वरून 55,343 वर गेले. 2 मार्च 2023 च्या अंतरिम आदेशात सेबीनं म्हटलं, की चढ्या भावात काही प्रवर्तकांसकट बरेच जण आपले शेअर विकत होते.

मुलुंडहून सुटलेल्या सकाळच्या फास्टमध्ये मी हे वाचून दाखवलं. ब्रोकरेज पैशापैशापर्यंत तोंडी मोजणारे आमचे एक काका म्हणाले, "एका पिक्चरला पावणेतीनशे कोटी? देव स्वतः काम करणार होता काय?" सगळे हसले. घाटकोपरला गर्दी आत घुसली, आणि त्या रेट्यात काका हळूच म्हणाले, "पण तेव्हा भाव चढत होता ना?"

मेख तिथेच आहे. भागाकार सगळ्यांना येतो. अप्पर सर्किट लागलं की तो करावासा वाटत नाही. थापेवर पैसे लावणारेच मग थापेचे साक्षीदार होतात. 1864-65 मध्ये याच मुंबईत बॅकबेच्या शेअरचे भाव गगनाला भिडले, तेव्हा तिथली भराव घालायची जमीन अजून समुद्रच होती.

काकांना मी ऐटीत 1720 च्या लंडनचा किस्सा ऐकवला. 'फार फायद्याचा धंदा, पण कसला ते कुणाला सांगायचं नाही' अशी एकानं कंपनी काढली, दिवसभरात दोन हजार पौंड गोळा केले आणि पसार झाला. चार्ल्स मॅकेच्या 1841 च्या पुस्तकात तो आहे. मी तो कित्येक वर्षं सांगत आलोय. परवा वाचलं, की त्या पळपुट्याचा त्या काळातला भक्कम पुरावाच मिळत नाही. तेव्हाच्या वृत्तपत्रांत बनावट कंपन्यांच्या थट्टेखोर जाहिराती येत. हाही त्यातलाच प्रकार असावा असा संशय आहे. मी कधी तपासलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मूर्खपणाची गोष्ट सांगताना कोण तपासतो?

काकांना किस्सा इतका आवडला, की त्यांनी दादर यायच्या आत तो टाइप करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली माझं नाव, 'अभ्यासू माणूस' म्हणून. त्यांना अजून काही बोललेलो नाही.