आधी होडी, मग जाळं

घोड नदीवरच्या डिंभे जलाशयात जुनं आंबेगाव बुडालं. शेती गेली, तेव्हा काठावरच्या आदिवासींनी मासेमारी धरली. शेताला औत, तशी पाण्याला होडी. म्हणून आधी होडी, मग जाळं. तळातलं पाणी उपसायचं, चिखल-खवले धुवायचे, सांध्यांवरून हात फिरवायचा. कुणी म्हणेल, रोजच्या वापरातली होडी रोज कशाला धुवायची? वेळ जातो, हे खरंच. पण चिखलाखालची भेग धुतल्याशिवाय दिसत नाही. काठावर दिसली तर बुजवता येते. भर पाण्यात दिसली तर? माणसांतल्या रुसव्याचंही तसंच. तो लहान असतानाच दिसायला हवा. आधी होडी, मग जाळं. मंडळी, घरात कुणाशी अबोला असेल, तर कामाला निघण्याआधी त्याला चहा विचारा.