देहाचा भार आणि मनाचा भार

पलटणीतून घरी आलेल्या मनुष्याचे पोट सुटले म्हणजे गाव हसते. दर्यापूर तालुक्यातील एका पारावर आम्ही स्वतः ऐकले, "काहो मेजर, पोट लय सुटलं न बाप्पा!" ज्यांस उद्देशून हे शब्द होते ते गृहस्थ सतरा वर्षे शिपाईगिरी करून आले होते. तेही हसले, परंतु दुसऱ्या दिवसापासून पारावर येईनासे झाले. ह्या हसण्यात दोष आहे की काय, आणि असल्यास कोणता, ह्याचा विचार वाचकांनी आमच्याबरोबर करावा अशी विनंती आहे.

हसणाऱ्यांचे म्हणणे उघड आहे. देह ज्याचा त्याच्या स्वाधीन. तो अधिक खातो व कमी हालतो, तेव्हा दोष त्याचाच. खादाडपणा व आळस ह्यांची निर्भर्त्सना आपण उपदेशांत इतक्या वेळा ऐकतो की हे म्हणणे आपणांस लागलीच पटते. आम्हांसही पूर्वी पटत असे.

आता पलटणीतील दिवस पाहा. पहाटे बिगुल, मग धावणे व कवायत, ठरल्या वेळी लंगरचे जेवण, ठरल्या वेळी निजणे. तेथे भूक श्रमाच्या मापाची असते. पस्तीस ते पंचेचाळीस ह्या वयात बहुतेक शिपाई घरी येतात, तेव्हा श्रम एका दिवसात सुटतात. भूक सुटत नाही. शिवाय इतक्या वर्षांनी घरचे माणूस ताटावर बसले म्हणून एक भाकर आग्रहाने अधिक वाढली जाते. पुढे बँकेच्या किंवा गोदामाच्या दारावर पहारेकऱ्याचे काम मिळाले, तर रात्रभर खुर्ची आणि दिवसा अर्धवट झोप. आणि झोप मोडली की भूक वाढते, हे वैद्यशास्त्राने दाखविले आहे. आपल्या देशातील पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटरांपुढे गेला म्हणजे डॉक्टर त्यास मधुमेहाविषयी सावध करतात, ते उगाच नव्हे.

परंतु इतके सांगून भागत नाही. पलटणीत रोज हजेरी होते, नाव पुकारले जाते, मनुष्य दिसला नाही तर कोणीतरी त्यास शोधते. गावी हजेरी नाही. मुले त्याच्यावाचून वाढली, घरचे निर्णय पत्नीने घेतले, शेत भावाने वाहिले; सर्व काही त्याच्यावाचून चालत आले आणि आताही चालते. त्यातून सीमेवर काही भयंकर पाहिले असेल तर ते रात्री पुन्हा समोर उभे राहते. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुमारास, वैद्य ह्यास तोफगोळ्यांचा धक्का म्हणत, आणि कित्येक अधिकारी भित्रेपणा म्हणत. 1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरचा विकार म्हणून आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. तेथील माजी सैनिकांच्या पाहणीत असेही आढळले की, ज्यांस हा विकार किंवा विषाद जडला त्यांचे वजन वाढण्याचा संभव अधिक. उदास मनुष्य खातो, कँटीनची रम पितो, घरात बसतो. वजन वाढते, त्याची लाज वाटते, म्हणून अधिकच घरात बसतो. उलटही घडते. कित्येकांचे अन्न तुटते व ते वाळत जातात. त्यांस मात्र कोणी हसत नाही.

आमच्या लोकांस ही गोष्ट नवी वाटू नये. 1917 साली उभारलेली 111 वी महार पलटण 1921 साली मोडण्यात आली. सरकारच्या गणवेशात ज्यांनी मान पाहिला त्यांस गावाने पुन्हा जुन्याच पायरीवर उभे केले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत वीस वर्षे गेली. गणवेश उतरला म्हणजे अंगावरून काय काय उतरते, हे आमच्या आजोबा-पणजोबांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. आणि 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेची मूळ तरतूद पाहिली तर चार वर्षांनी बहुतेक तरुण पंचविशीच्या आतबाहेरच घरी यावयाचे आहेत.

मग त्या मनुष्यावर काहीच जबाबदारी नाही काय? आहे. घास त्याच्याच हाताने तोंडात जातो, पेलाही तोच उचलतो. परंतु एलीया रानात झुडुपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा दूताने त्यास आधी झोपू दिले, भाकर व पाणी दिले, आणि तेही दोनदा. आळशी म्हटले नाही. बोलणे मागाहून झाले. आम्ही मात्र बोलण्यापासूनच आरंभ करतो.

हसण्यातील दोष आम्हांस येथेच दिसतो. आम्ही ओझे पाहतो आणि तेच कारण समजतो. आधी हार व बँडबाजा घेऊन स्टेशनावर जातो, नंतर सहा महिने त्याच्या दारी जात नाही, आणि पुढे पोट दिसले की थट्टा करतो. हे न्यायाचे नव्हे.

मन फारच खचले असेल, मरणाची भाषा निघत असेल, तर त्या मनुष्यास एकटे सोडू नये. त्याच्याबरोबर अमरावतीस किंवा अकोल्यास सरकारी इस्पितळातील मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जावे. 14416 ह्या सरकारी क्रमांकावर पैसे न देता मराठीत बोलता येते. काही औषधांनी वजन वाढते हे खरे. तरी ती आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांस सांगावे.

त्या मेजरांविषयी इतकेच सांगावयाचे आहे की, पारावरच्याच एका शेजाऱ्याने, त्यानेच ते वाक्य म्हटले होते, पुढे पहाटे त्यांच्या दारावर थाप मारण्यास आरंभ केला. दोघे कपाशीच्या शेतापर्यंत जाऊन येत. पहिले पंधरा दिवस मेजर काही बोलले नाहीत. वजन चार महिन्यांत दोन किलो उतरले, त्याचे फारसे नवल नाही. एके दिवशी शेजारी तापाने पडला आणि थाप पडली नाही, तेव्हा मेजरच त्याच्या दारी आले व बाहेरून विचारू लागले, "आज हजेरी नाई का?"