स्थिर राहणे म्हणजे काय?

विवाहसंस्काराच्या वेळी वधूवर वेदीपुढे आजन्म एकनिष्ठेचे वचन देतात. काही वर्षांनी त्यांतील एखादे आम्हा धर्मगुरूंना विचारते, "फादर, मन पूर्वीसारखे राहिले नाही, मग ते वचन खोटेच ठरले का?"

रोमच्या भूमिगत दफनभूमींत आरंभीच्या ख्रिस्ती भाविकांनी नांगराचे चिन्ह कोरले. त्यामुळे स्थिर म्हणजे जखडलेले, अशी आपली समजूत होते. परंतु १९६१ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ 'कस-१' हे जहाज साडेतीन हजार मीटरांहून खोल पाण्यात समुद्रतळाला छिद्र पाडीत होते. तेथे नांगराचा उपयोग नव्हता. जहाजाभोवती बोये तरंगत ठेवले होते. त्यांवरून आपण किती सरकलो हे पाहावे आणि दिशा बदलता येणारे चार पंखे चालवून जागेवर परतावे, असा तो क्रम होता.

३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहाचेही तसेच. आपल्याला तो खिळल्यासारखा भासतो. पण सूर्यचंद्राचे आकर्षण त्याची कक्षा वर्षाला जवळजवळ एक अंशाने कलवू पाहते. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने तो पूर्वपश्चिमही सरकतो. म्हणून कर्नाटकातील हासनसारख्या केंद्रांतून त्याचे स्थान वारंवार मोजतात आणि लहान लहान धक्के देऊन त्याला मर्यादेत आणतात. सरकणे हा त्याचा दोष मानीत नाहीत. ते गृहीत धरूनच त्याला इंधन दिलेले असते.

मग आम्ही पापाला सवलत देत आहोत काय? नाही. मनाला ओढ लागणे वेगळे आणि त्या ओढीला संमती देणे वेगळे, हे ख्रिस्तसभेने नेहमीच शिकविले आहे. ओढ जाणवताच परतणे, हीच निष्ठा. सरकलो आहोत हे ठाऊक असूनही न परतणे, हा वचनभंग. तेव्हा त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : वचन खोटे ठरलेले नाही, ते आज पुन्हा पाळावयाचे आहे. एक चांगला शब्द, मागितलेली क्षमा, एकत्र केलेली सायंप्रार्थना, एवढ्या लहान कृतींनी ते पाळले जाते. आणि आपले सरकणे आपल्याला एकट्याने नीट मोजता येत नाही. म्हणून जोडीदाराचे बोलणे ऐकावे, प्रायश्चित्त संस्काराला यावे.

एका ठिकाणी मात्र ही उपमा अपुरी पडते. उपग्रहाचे इंधन संपत आले की उरलेल्या थेंबांवर त्याला वरच्या कक्षेत नेऊन सोडून देतात. पेत्राने तीनदा नाकारले, तरी पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपविली. परमेश्वराची कृपा मोजून भरलेली नसते.